काजवाल्या मावशींची साक्ष

“धाकटा तुमच्यावर हात उचलायचा का, एवढंच मी विचारणार,” वकीलबाई म्हणाल्या. “काय उत्तर द्यायचं ते शिकवणार नाही. आणि खोटं तर सांगूच नका.”

काजवाल्या मावशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकाच्या अगदी कडेला बसल्या होत्या. शर्टांना काज करून देण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून सगळे त्यांना याच नावानं ओळखत. बाक अख्खं रिकामं असलं तरी कोपराच धरायचा, ही त्यांची जुनी खोड. आयुष्यभर त्यांनी कोणाला आपला धक्का लागू दिला नाही, आणि पोटचा एक मुलगा दुसऱ्याच्या धक्क्यानं गेला.

“गेलेल्याचं वाईट बोलू नये हो,” त्या म्हणाल्या.

याच एका म्हणण्यापायी सगळा घोटाळा झाला होता. धाकट्याचं डोकं शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर आपटलं. थोरला त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात धावला, पण उपयोग झाला नाही. पोलीस घरी आले तेव्हा सगळी गल्ली दारात गोळा झाली होती. चारचौघांत गेलेल्या पोराच्या नावाला बट्टा कसा लावायचा? मावशींनी सांगून टाकलं, ‘धाकटा गप बसला होता, थोरल्यानं येऊन ढकललं.’ थोरल्यानंही मान खाली घालून तेच कबूल केलं. दोघांची घरावरून भांडणं होतीच; पोलिसांना आणखी काय हवं? खुनाचा आरोप लागला. वकील करायची ऐपत नव्हती म्हणून सरकारनं या बाई दिल्या. सरकारी पाण्यासारख्या याही थेंबथेंब येतील असं वाटलं होतं, पण बाई हात धुऊन मागे लागल्या.

“शेजारीण मला कानात सगळं सांगते, पण कोर्टात यायला तयार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “थोरला म्हणतो, आईला त्यात ओढू नका. मग मी कोणाकडे जाऊ? गप बसलेल्याला मारलं तर तो खून, मावशी. आईला मार पडताना बघून डोकं फिरलं आणि ढकललं, तर गुन्हा राहतोच, पण खून राहत नाही.”

“म्हणजे सुटेल?”

“सुटणार नाही. पण अख्खा जन्म आत जाणार नाही.”

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. “तुम्हाला एकाला वाचवायचंय बाई. मला दोघं आहेत.”

एरवी बाईंची जीभ कात्रीसारखी चालायची. आता त्यांनी फाइल उचलली आणि मावशींना हाताला धरून आत नेलं.

आत सरकारी वकिलांचे प्रश्न लवकर आटोपले. मग वकीलबाई उठल्या आणि त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. मावशींनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. थोरला मान हलवून ‘नको, नको’ म्हणत होता. त्या पोराची त्यांना फार दया आली.

“मारायचा,” त्या म्हणाल्या.

“त्या दिवशी?”

“केस धरून भिंतीवर आपटत होता. थोरला कामावरून आला नि त्यानं त्याला लोटलं. एकदाच. मग स्वतःच त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओरडायला लागला.”

“हे पोलिसांना का नाही सांगितलं?”

“पोराचं अंग अजून गार झालं नव्हतं हो.”

न्यायाधीश टायपिस्टला सांगू लागले, “मृत मुलगा साक्षीदारास मारहाण करीत असे...” मावशी कान देऊन ऐकत होत्या. हेच आता कायमचं राहणार, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना भडभडून आलं.

“साहेब, एवढंच नका ना लिहू.”

“जेवढं विचारलं तेवढंच लिहिता येतं, मावशी,” न्यायाधीश म्हणाले.

वकीलबाई बसायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. पुढे खुनाचा आरोप टिकला नाही, थोरल्याला काही वर्षांचीच शिक्षा झाली. पण त्या घटकेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मृताबद्दल एकही चांगला शब्द आपल्या अशिलाच्या कामाचा नाही, हे मात्र बाईंना चांगलं ठाऊक होतं.

“मावशी, धाकटा तुमच्या कामात काही मदत करायचा का?”

सरकारी वकील हरकत घ्यायला अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

“मला बारीक दिसत नाही,” मावशी म्हणाल्या. “रोज सकाळी तो माझ्या सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवायचा. मारलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी ओवायचा. कधी चुकला नाही.”

न्यायाधीशांनी तेही सांगितलं आणि टायपिस्टनं उतरवलं. साक्षीचा कागद सहीसाठी पुढे आला तेव्हा मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“दोऱ्याचं कुठं लिहिलंय?”

टायपिस्टनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मावशींनी तिथंच, ओळीच्या शेजारी, हळूहळू सही केली.

“सही खाली करायची असते, मावशी,” तो म्हणाला.

“हो का?” म्हणत त्यांनी खालीही केली.