एक जूनचे बाप

जाफराबादच्या एका शाळेत कल्याण सर दहावीला गणित शिकवत. प्रशिक्षणात ऐकलेली एक गंमत पोरांना कधी सांगतो, असं त्यांना झालं होतं. संभाव्यतेचा धडा आला आणि त्यांनी छाती काढून सांगून टाकलं, "चाळीस जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला निघतोच!"

चाळीस तारखांनी फळा भरला. एकही जोडी जुळली नाही. सरांनी चष्मा पुसून फळा पुन्हा वाचला, तरी नाही.

"सर, तुमचंच काही चुकून राह्यलं का?" पहिल्या बाकावरच्या आसिफाने विचारलं.

आपलं चुकलं असं वर्गात म्हणायची सरांना सवय नव्हती. "उद्या सगळ्यांनी वडिलांची जन्मतारीख आधारवर बघून या," ते घाईने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवानंद म्हणाला, "एक जून." साजिद म्हणाला, "एक जून." पाठोपाठ वंदनाही तेच म्हणाली. सरांनी विजयाने हात वर केला. पण एक जून काही थांबेनात. अर्धा वर्ग झाला तसा सरांचा हात हळूच खाली आला.

"सर, हा योगायोग न्हाई," आसिफा म्हणाली. "दादी म्हणती अब्बा थंडीत झाल्ते. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच एक जून लिहिलं."

"तुमचा वाढदिवस कधी असतो, सर?" साजिदने विचारलं.

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "एक जून."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. शेवटी सरही हसले. स्वतः केक कापायचे ते त्याच तारखेला, तरी वडिलांच्या तारखा मागवताना त्यांना ही साधी गोष्ट सुचली नव्हती.

"निघतोच म्हणालो, ते चुकलं," ते म्हणाले. "असे शंभर वर्ग घेतले, तर नव्वदेक वर्गांत जोडी निघते. बाकीच्यांत न्हाई."

"मंग आपण त्या बाकीच्यांतले," आसिफा म्हणाली. "पण एका वर्गावरून कसं कळंल? दुसरे वर्ग पाहू ना."

पोरं वर्गावर्गांत शिरली. बहुतेक ठिकाणी जोडी निघाली. नववीत एक जोडी निघाली, ती जुळ्या बहिणींची. आसिफाने ती धरलीच नाही. थोड्या वेळाने तिथेच दुसरी निघाली.

आठवीच्या एका वर्गात मात्र काहीच जुळेना. पोरं हिरमुसली. कल्याण सर समजावायला पुढे झाले, तोवर साजिद म्हणाला, "अरे, असंबी होतं. नव्वद म्हंजे शंभर न्हाई."

सर दारातच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तास संपायच्या आधी गप्प बसणं जमलं.