गाणारं माणूस

मी मागच्या सीटवर बसले होते आणि गाण्यात गाणारं माणूसच नव्हतं.

ढोलकी होती, पेटी होती, टाळ्या होत्या. डावीकडून, उजवीकडून, अगदी डोक्यामागूनही वाजत होतं. पण गाणारं माणूस लांबच्या एखाद्या खोलीत दार लावून बसल्यासारखं. पुढे स्टिअरिंगपाशी हे बसले होते. त्यांनी वरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मी काय खूण करावी ते मला कळेना.

ह्यांना उमरग्यात सगळे सिद्धाराम अप्पा म्हणतात. हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा हे लग्नाकार्याला लाउडस्पीकरचे कर्णे लावायचे आणि व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. मग हैदराबादकडे जाणारे ट्रक थांबू लागले आणि ह्यांनी ट्रकला टेप बसवायला सुरुवात केली. दारात एका वेळी तेलुगू, कानडी, पंजाबी गाणी वाजायची आणि मी आत चुलीपाशी बसून कंटाळायचे. ह्यांना मात्र रस्त्याने जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून कळायचं की कुठल्या स्पीकरचा कागद फाटलाय. जेवता जेवता म्हणायचे, "उजव्या अंगाचा गेलाय बघ त्याचा." परतीच्या फेरीला तोच ट्रक दारात उभा राहायचा. भूकंपाच्या साली मदतीच्या जीपवर कर्णे बांधून हे महिनाभर गावोगाव फिरले. परत आले तेव्हा घसा बसला होता, कान शाबूत होते.

काम तपासताना मला मागच्या सीटवर बसवायची पद्धत ट्रकमागोमाग जीपगाड्या येऊ लागल्या तेव्हापासूनची. मालक पुढे बसतो, त्याची बायकापोरं मागे बसतात, मग मागे कसं ऐकू येतं ते बाईमाणसानंच सांगावं, असं ह्यांचं म्हणणं. मी पदराला हात पुसत यायचे, दोन गाणी ऐकायचे, सांगायचे आणि भाकरी करपायच्या आत परत जायचे.

दोन वर्षांपूर्वी एका क्रूझर जीपवाल्याने गाडी परत आणली. उजवीकडचा स्पीकर चरचरत होता. शेजारच्या पंक्चरवाल्यालाही तो ऐकू येत होता, ह्यांना नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ दाखवली. ढोलाचा आवाज ह्यांना पोचत होता, पण बारीक आवाज कानात शिरतच नव्हते. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं कळतं. गाण्याला तोंड नसतं. कानात घालायचं यंत्र आणलं, तर म्हणाले पत्र्याच्या डब्यात बसल्यागत वाटतंय. ते यंत्र ड्रॉवरमध्ये आहे.

आमची दीपाली लातूरला असते. तिने तेव्हाच सांगितलं, दुकान बंद करा आणि इकडे या. ह्यांनी तिच्याशी करार केला. ज्या दिवशी गिऱ्हाईक तोंडावर म्हणेल की अप्पाला ऐकू येत नाही, त्या दिवशी शटर खाली. तोवर कुणी काही बोलायचं नाही. आणि त्याच आठवड्यात आमच्या दोघांच्या खुणा ठरल्या. मी पदर डोक्यावर सरळ घेतला की दोन्ही बाजू सारख्या. डाव्या कानामागे सारला की डावीकडे कमी, उजव्या कानामागे सारला की उजवीकडे. खोकले की आवाज फाटतोय. हे आरशात बघायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, जसं काही स्वतःच ऐकलं. दोन वर्षांत एकही गाडी परत आली नव्हती.

पण गाणारं माणूस नाही, अशी खूण आमच्यात नव्हती.

गाडी नळदुर्गच्या शिवराजची होती. त्याची बोअरची दोन मशिनं आहेत. त्याच्या वडिलांच्या जीपला ह्यांनीच टेप बसवला होता. आता ही पांढरी, उंच, घराच्या ओसरीएवढी गाडी. सोळा स्पीकर. गाणं चारी बाजूंनी आल्यासारखं वाटतं, त्याला सराउंड म्हणतात, एवढं मलाही ऐकून ठाऊक झालं होतं. ते सराउंड नीट वाजत नाही, एवढीच तक्रार त्याने फोनवर सांगितली होती. मोठ्या शहरात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. कॉम्प्युटर लावून दोघांनीही सांगितलं की दोष काही नाही, फार तर सगळा संचच बदलून बघू. शिवराजची आई लक्ष्मीबाई गुडघे दाखवायला उमरग्यातल्या दवाखान्यात आली होती, म्हणून गाडी आमच्याकडे वळली. लक्ष्मीबाई माझ्या शेजारी मागेच बसल्या होत्या, शिवराज ह्यांच्या बाजूला.

डावं-उजवं तर सारखंच होतं. मी पदर डोक्यावर सरळ घेतला.

"मागचे सगळे चालू हायत," हे म्हणाले. "दोष न्हाय काही."

शिवराज त्यांच्याकडे बघतच राहिला. मग जरा हसून म्हणाला, "आप्पा, मागचे चालू हायत ते मलाबी कळतंय. गाणारं माणूस कुठाय? सगळा बँड आलाय गाडीत आन् गाणारं घरीच ऱ्हायलंय."

ह्यांची मान ताठ झाली. मागून मला त्यांच्या कॉलरपाशी आलेला घाम दिसला. एवढी सरळ गोष्ट, लहान पोरालाही ऐकू आली असती. शिवराज अजून एक वाक्य बोलला असता तर करार पुरा झाला असता. मी काहीतरी बोलायचं म्हणून लक्ष्मीबाईंना गुडघ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या की डॉक्टर लई गोळ्या देतोय आणि ह्या गाडीची पायरी लई उंच आहे.

हे तेवढ्यात सावरले. चूक कबूल केली नाही, पण ताणलीही नाही. शिवराजला म्हणाले, ते सराउंड बंद कर आणि साधं लाव. साधं लावल्यावर शिवराजने मान हलवली, गाणारं आलं. परत सराउंड लावलं, गेलं. हे शिवराजच्या तोंडाकडे बघत होते आणि तो मान हलवत होता, होय, नाही, होय, नाही. मला वाटलं, आता कळणार शिवराजला. पण त्याचं लक्ष गाण्यात होतं.

मग हे विचार करू लागले. विचारात असले की त्यांची बोटं मांडीवर हलतात. उमरग्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्याच्या आवाजाचं काम काही वर्षं ह्यांच्याकडे होतं. एका वर्षी लोकांनी आरडाओरडा केला होता, मारामारी ऐकू येते पण बोलणं ऐकू येत नाही म्हणून. तेव्हा हे पडद्यामागे शिरले. बोलण्यासाठी लावलेल्या मधल्या कर्ण्यावर कुणीतरी भिजलेली घोंगडी वाळत टाकली होती. ह्यांना तेच आठवलं असणार.

"बोलणारा मधून बोलतो," हे म्हणाले. "बाजूचे नुसती साथ करत्यात. ह्या गाडीचा मधला कर्णा कुठाय?"

शिवराजला माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधत बसला. ह्यांनी वाट पाहिली नाही. दोन्ही तळहात समोरच्या काचेखालच्या फळीवर टेकवले आणि हळूहळू कडेकडून मध्ये सरकवत नेले. दोन वर्षांत ह्यांचा हात असा चालायला शिकला होता, ते मी घरी पाहिलं होतं. मिक्सर बिघडला तरी हात ठेवून सांगायचे. हात सरकत सरकत बरोबर मध्यावर आले आणि थांबले. तिथे तुळजाभवानी बसली होती.

वीतभर उंचीची चांदीची मूर्ती, खाली जाड स्पंजावर लाल मखमलीची बैठक, सगळी फळीला घट्ट चिकटवलेली. बैठकीखालची जागा ह्यांच्या बोटाला थरथरत होती.

"हितं हाय," हे म्हणाले. "देवीच्या खाली. देवी उचलावी लागंल."

"न्हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

आतापर्यंत गुडघ्यांबद्दल बोलणारी बाई एकदम वेगळी झाली. तुळजापूरला गाडी नेऊन पुजाऱ्याच्या हातून देवी बसवली होती. त्या दिवसापासून शिवराजचा एकही बोअर कोरडा गेला नव्हता. गाणं नाही वाजलं तर नाही वाजलं, पण बसलेली देवी ह्या असल्या कामासाठी हलवायची नाही. शिवराज आईला समजावू लागला, तर त्यालाच चार शब्द ऐकावे लागले. दोन मोठ्या ठिकाणच्या माणसांनी देवीला हात लावला नाही तो उगीच नाही, असंही त्या म्हणाल्या. ते खरंच असावं. लावला असता तर त्यांना दोष कळला असता.

ह्यांनी हात मागे घेतले. देवाधर्माच्या बोलण्यात ते पडत नाहीत. काम तिथेच संपल्यासारखं झालं. मी उतरून घरात गेले, वाटीत तांदूळ घेतले, कुंकू घेतलं आणि परत आले.

"लक्ष्मीबाई, देवी हलवायची न्हाय," मी म्हणाले. "तुमच्या पदरात घ्यायची. अक्षता टाकून इचारा तिला. लेकीच्या वटीत यायला ती न्हाय म्हणंल का?"

त्यांनी वाटीतल्या तांदळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमी लिंगायत ना? तुमाला आमच्या देवीचं काय म्हायती?"

"माझ्या आईच्या माहेराची तीच हाय," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं.

शिवराज उतरून दारापाशी उभा राहिला आणि त्या त्याच्या जागी पुढे येऊन बसल्या. गुडघे धरत धरत आल्या, मी हात दिला. अक्षता टाकल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग ह्यांनी पातळ पात्याने बैठक कडेकडून सोडवली आणि शिवराजने देवी उचलून आईच्या पदरात ठेवली. लक्ष्मीबाईंनी पदर दोन्ही हातांनी असा धरला, जसं काही आत बाळंतिणीचं मूल आहे.

खाली बारीक भोकांची जाळी होती. सगळी भोकं हळदी-कुंकवाने आणि भिजून सुकलेल्या तांदळाने लिंपून गेली होती. गाडीच्या पूजेच्या दिवशी पाणीही गेलं असणार. ह्यांनी जाळी काढली, दात घासायच्या ब्रशने एकेक भोक मोकळं केलं, आतला स्पीकर फडक्याने पुसला. ह्या कामात अर्धा तास गेला. ह्यांचे हात अजून मुळीच थरथरत नाहीत. निघालेलं कुंकू ह्यांनी खाली पडू दिलं नाही, कागदावर घेतलं आणि लक्ष्मीबाईंना दिलं. तेव्हा पहिल्यांदा त्या ह्यांच्याशी बऱ्या आवाजात बोलल्या.

गाणं लावलं. गाणारं माणूस आलं आणि पुढच्या दोन सीटांच्या मधोमध बसलं. मी बाहेर ह्यांच्या बाजूच्या खिडकीपाशी उभी होते, तरी मला ते समोर दिसल्यासारखं वाटलं.

"आलं की गं बया," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

शिवराज खूश झाला. म्हणाला, आता मधला थोडा जास्त वाटतोय. गाडीतल्या पडद्यावर त्याची पट्टी होती, बोटाने कमीजास्त होणारी. "आप्पा, ते तुमीच लावा. आमचे वडील म्हणायचे, कान असावा तर आप्पाचा. तुमच्या कानाला बरं वाटंल तेवढं ठेवा."

ह्यांनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. मग मान वळवून खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी पदराला हात घातला, पण कुठल्या कानामागे सारायचा होता? जास्तीची खूणही आमच्यात नव्हती. तरी काहीतरी करून वेळ मारून नेता आली असती. एखादा आकडा बोटांनी दाखवता आला असता. माझी बोटं उचललीही गेली.

ह्यांनी नजर काढून घेतली.

"शिवराज, मला त्यातलं ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. ढोल येतो, गाणारं येत न्हाय. किती ठेवायचं ते तुमी सांगा."

शिवराजने आत हात घालून गाणं बंद केलं. रस्त्यावरून दोन ट्रक गेले.

"मग आजवर?" त्याने विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

शिवराज माझ्याकडे बघून हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. गाडीला वळसा घालून आला आणि ह्यांच्या बाजूचं दार उघडलं. म्हणाला, मग मावशीलाच बसू द्या पुढं. हे उतरले आणि मी चढले. इतक्या वर्षांत मी शेकडो गाड्यांत बसले असेन, पण स्टिअरिंगपाशी कधी नाही. पाय कुठे ठेवावे ते कळेना. हे मागच्या सीटवर जाऊन बसले. मी पट्टीची दोन घरं कमी करायला सांगितली, मग एक परत वाढवायला. लक्ष्मीबाई पदरातली देवी सांभाळत म्हणाल्या, "दोघं मिळून न्या आता गाडी नळदुर्गला. हा येईल एस्टीनं."

देवी त्यांनी खाली ठेवली नाही. घरापर्यंत पदरातच नेणार आणि मंगळवारी तुळजापूरला जाऊन पुजाऱ्याला जागा विचारणार, असं ठरलं. ह्यांनी फळीच्या डाव्या अंगाला खडूने एक चौकोन आखून दिला. इथे बसवली तर तिलाही त्रास नाही आणि गाण्यालाही नाही, म्हणाले. जाताना शिवराजने ह्यांच्या पायांना हात लावला. भावाची गाडी पुढच्या आठवड्यात पाठवतो, असंही म्हणाला. पाठवेल की नाही, कुणाला ठाऊक.

गाडी वळून हायवेला लागली. हे दुकानात येऊन बसले आणि ब्रश धुऊ लागले. मी त्यांच्या समोर गेले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल.

"दीपालीला काय सांगायचं?" मी विचारलं. "शटर खाली?"

"काहून? गिऱ्हाईक कुठं म्हणलं?" ते म्हणाले. "म्याच म्हणलो की."

ब्रश झटकून त्यांनी उन्हात ठेवला. फडकं पिळून वाळत टाकलं. मी आत जायला वळले, तेव्हा त्यांनी हाक मारली. रस्त्याकडे बघतच विचारलं.

"गाणारा बाप्या व्हता का बाई?"

मी त्यांची नजर माझ्याकडे वळायची वाट पाहिली.

"बाई," मी म्हणाले.

"म्हातारी का तरणी?"

"तरणी."

त्यांनी मान हलवली. मग टेबलावरचा एका ट्रकचा स्पीकर उलटा करून मांडीवर घेतला आणि त्याचे स्क्रू काढू लागले.