केदारचं ‘हं’

केदार हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार एका बँडमध्ये ड्रम बडवतो. ‘वाजवतो’ म्हणायला माझी ना नाही, पण त्याचं रेकॉर्डिंग मी ऐकलंय. नारायण पेठेत माझा छोटा स्टुडिओ आहे. लोकांनी जे काही वाजवून ठेवलंय ते ऐकण्यासारखं करणं हा माझा धंदा.

गेल्या आठवड्यात स्वारी एकटीच आली. तोंड उतरलेलं.

“अस्मिताताई, शंभू म्हणालाय, ह्या गाण्यात ड्रम नीट बसले नाहीत तर यापुढे लॅपटॉपवरचे ड्रम. मला सुट्टी. वाचव ना, प्लीज!”

शंभू म्हणजे बँडचा सर्वेसर्वा, कारण गिटार त्याची आणि सामान न्यायची गाडीही त्याचीच.

मला दया आली. हा माझा जुनाच आजार. बसले निस्तरत. त्याचा स्नेअर, म्हणजे काठीने वाजवायचा समोरचा छोटा ड्रम, स्टीलचं ताट पडल्यासारखा घणघणत होता, ती घणघण कापली. पायाने वाजवायचा किक ड्रम म्हणजे गादीवर मारलेली बुक्की, त्याला जरा वजन दिलं. प्रत्येक ठोका साहेबांच्या सवडीने पडलेला, तो एकेक उचलून तालावर नेऊन ठेवला. जे अगदीच मेले होते त्यांच्या जागी माझ्याकडचे तयार ठोके टाकले. शिवाय ह्या बाबाला जोरात वाजवायच्या आधी ‘हं!’ करायची सवय, आणि तेही माइकमध्ये उतरलेलं. तांदळातले खडे वेचावेत तसे सगळे ‘हं’ वेचून काढले.

शनिवारी दुपारी अख्खा बँड आला. मी गाणं लावलं. शंभूने डोळे मिटले, मान डोलावली.

“वा! याला म्हणतात ड्रम!”

केदारची छाती अशी फुगली, की मला शर्टाच्या बटणांची काळजी वाटली.

“मानलं तुला, केदार,” शंभू म्हणाला. “न कुरकुरता मशीन लावून घेतलंस. विषयच संपला.”

“अरे, मशीन कुठलं? मीच वाजवलंय ते!”

“तू? इतकं तालात?” शंभू खो खो हसला.

केदारने माझ्याकडे पाहिलं. देवा, काय ती नजर! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याला वाचवायला बसले आणि त्यालाच धुऊन काढलं. “अरे, त्यानेच वाजवलंय,” म्हणाले आणि पुरावा म्हणून मूळ रेकॉर्डिंग लावलं. घ्या, आणखी शहाणपणा! ताट पडलं, ठोके रेंगाळले आणि मग आलं, ‘हं!’

“हा केदार!” शंभूला लगेच ओळख पटली.

बँडची गायिका सृष्टी मात्र ताडकन उठली. “अगं ताई, हे ‘हं’ कुठे गेलं होतं? त्याच्यावर तर मी श्वास घेते! तरीच म्हटलं, गाणं आज परक्यासारखं का वाटतंय.”

शंभूने विचार केला. विचार करताना तो फार न्यायी दिसतो.

“ठीक आहे. ‘हं’ ठेवू. बाकी मशीन.”

“म्हणजे मी बँडमध्ये आहे ना?” केदारने विचारलं.

“आहेस की! लॅपटॉपशेजारी उभं राहायचं, माइक धरायचा आणि वेळेवर ‘हं’ करायचं.”

आता हा काहीतरी आपटून निघून जाईल असं वाटलं. जावंच त्याने, अगदी मनापासून वाटलं मला. बाकीचे खाली चहाला गेले. केदार मागे रेंगाळला, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.

“ताई, एक काम कर ना. ते ‘हं’ जरा साफ करून दे. खरखरीत वाटतंय.”