शांत झालेला घोडा

लाकडी पुलाच्या पहिल्या फळीवर बावऱ्यानं पुढचा पाय टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. धाकटीनं लगाम सैल सोडला, त्याच्या मानेवर हात ठेवला. हाताखालची कातडी थरथरत होती. खालून पाण्याचा खळखळाट आला मात्र, तो बाजूला उसळला आणि मागच्या पायांवर ताठ उभा राहिला. ती उतरली की फेकली गेली, हे तिचं तिलाही कळलं नाही. लगाम तेवढा हातात राहिला.

"अरे, मीच आहे. मी!"

बावऱ्यानं तिच्याकडे पाहिलं ते परक्या माणसाकडे पाहावं तसं.

चार दिवसांपूर्वी याच पुलावरून तो डुलत पलीकडे गेला होता. सहा महिने ती त्याचं बुजणं मोडायला त्याच्यामागे होती. काठीला पिशव्या बांधून त्याच्याभोवती फडफडवल्या, तोंडासमोर छत्र्या उघडल्या, मागून पत्र्याचे डबे ओढले. पहिले चार महिने तिनं हात टेकायचे तेवढे बाकी राहिले होते. मग अचानक गाडी रुळावर आली. दादा येईल त्याला सांगायचा, "घोडा शांत करावा तर आमच्या धाकटीनं." तीही वरवर "चल, काहीतरीच" म्हणायची आणि मनातून फुलायची.

येत्या रविवारी तबेल्यावर एक निवृत्त नर्सबाई रपेटीला येणार होत्या. साठी उलटलेली, घोड्यावर पहिल्यांदाच बसणार. दादानं त्यांना बावऱ्याच कबूल केला होता. "पाळण्यात बसल्यासारखं वाटेल," असंही वर म्हणाला होता.

धाकटीनं त्याला पायी परत आणलं. तबेल्यात पोचेपर्यंत तो घामानं निथळत होता. दादा तीन दिवसांपासून गावाला गेलेला. तिनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, छातीला नळी लावली, खुरं उचलून पाहिली.

"ठणठणीत आहे. पावडर कधीपासून बंद केलीत?"

"कसली पावडर?"

"चंदीच्या दाण्यातून देताय ती. गुंगीची." डॉक्टर बॅग आवरत होते, मान वर न करताच बोलत होते. "एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, असं सांगितलं होतं मी दादांना. एकदम तोडली की बिथरतं जनावर. आणि चालू असताना वर कुणाला बसवायचं नाही. गुंगीत ठेच लागली की घोडा तोंडावर पडतो." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि बॅगची चेन अर्ध्यावरच थांबली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

संध्याकाळी दादा आला तेव्हा ती बावऱ्याला खरारा करत होती. एकाच जागेवर, पुन्हा पुन्हा.

"डॉक्टर येऊन गेले," ती म्हणाली.

दादानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. बराच वेळ तिचे बंद चाचपत राहिला.

"दोनच महिने झाले," तो म्हणाला.

"गेल्या आठवड्यात मी त्याला उतारावरून नेलं. तू फाटकाशी उभा होतास. हात केलास मला."

"थोडीशीच द्यायचो गं. तुला काय, तू पडशील आणि म्हणशील, होतं असं. मागे घोड्यावरून पडलीस तेव्हा तुला उचलून मी आणलं होतं. गळ्याजवळचं हाड बाहेर आलेलं मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस."

"म्हणून मला फसवायचं?"

"फसवलं काय त्यात? नाव तुझंच झालं ना?"

तिच्या हातातला खरारा थांबला.

"आता यातलं माझं किती आणि तुझ्या पुडीचं किती, हे मला कोण सांगणार रे दादा?"

बावऱ्या खुरानं जमीन उकरत होता. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"आणि ती राखाडी घोडी? पडल्यानंतर वर्षभरानं मी पहिल्यांदा बसले ती? तिच्यावर बसून मी सबंध टेकडी फिरून आले होते. तू तर रडला होतास तेव्हा."

दादानं वाकून पिशवी उचलली. "चहा टाकतो," म्हणाला, आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः नर्सबाईंना फोन लावला.

"रविवारी नका येऊ, बाई. घोडा तयार नाही."

"अगंबाई! मग कधी होईल?"

"माहीत नाही मला."

त्यानंतर चंदीच्या पिंपाची किल्ली तिनं स्वतःच्या कमरेला लावली. तीन आठवडे बावऱ्याला नुसतं कुंपणाच्या आत फिरवलं. दादाशी ती बोलायची, गवत आलं का, नाल कधी मारायची, एवढंच. जेवायला दोघं समोरासमोर बसत आणि ताटात पाहत.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं त्या दिवशी तिनं खोगीर चढवलं. घोडा कान टवकारून फुरफुरत होता. कुणीतरी दूर दार आपटलं तरी अंग चोरत होता. सवयीनं दादा पुढे आला, लगाम धरायला.

"नको."

"मी नुसता धरतो. बस तू."

"सोड, दादा."

त्यानं हात काढून घेतला आणि चार पावलं मागे सरला.

धाकटीनं डावा पाय रिकिबीत घातला. एवढ्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. गुडघा लटलटायला लागला. तो आवरेना. रिकीब खोगिराच्या कडीवर बारीक किणकिणायला लागली. दादाला ते तिथवर ऐकू जात असणार.

बावऱ्यानं एक कान त्या आवाजाकडे वळवला.