आईच्या वाट्याची गोळी

रंगाऱ्याची नजर अशी, की एकाच भिंतीत तिला पांढऱ्याच्या चार छटा दिसाव्यात. म्हणून त्याला ठाऊक होतं: दुखण्याची गोळी निळसर पांढरी, कॅल्शियमची जराशी पिवळट. आईला दोन्ही सारख्याच. पलंगावर पडल्यापडल्या ती तळहात पुढे करायची. तो त्यावर पिवळट गोळी ठेवायचा, वर पाण्याचा पेला द्यायचा. निळसर गोळी त्याच्या खिशात जायची आणि जिन्यात पोटात.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात तो शिडीवरून घसरला होता. पाठ धरली. तेव्हा आईच म्हणाली, "माझ्यातली एक घे रे राजा, कामाला उभा तरी राहशील."

पाठ सुटली, गोळी सुटली नाही. आधी आईची उरलेली, मग तिच्यातली अर्धी, मग सगळीच. पहिल्यांदा घेतली तेव्हा अंगावरून कुणी मऊ हात फिरवल्यासारखं झालं होतं. आता तो हातही येत नव्हता. नाही घेतली तर मात्र नाक गळायचं, हाडं कुरतडल्यासारखी दुखायची, आणि हातातला ब्रश कडेची रेघ सोडून भलतीकडे धावायचा.

त्या सकाळी आईकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या. वॉकर पलंगाशी ठेवला.

"आलात छळायला?" आई हसली.

"छळायलाच शिकलेय मी. आज दारापर्यंत जायचं, मावशी. अशाच पडून राहिलात तर सांधा आखडेल, मग पलंग काही सुटायचा नाही."

आई उठली. एक पाय टेकला, दुसरा टेकता टेकता अशी किंचाळली, की रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. बाईंनी तिला पुन्हा बसवलं.

"गोळी दिली होती ना मघाशी?"

"दिली," तो फरशीकडे बघत म्हणाला.

"दिली हो, त्याच्यावर नका जाऊ," आई धापा टाकत म्हणाली. "माझंच मन कच्चं. पोरगं काम टाकून माझं हगणंमुतणं काढतं, आणि माझे हे नखरे. रागावू नकोस हं राजा. माझी मलाच लाज वाटते बघ."

इतके दिवस त्याची लाज त्याच्याजवळ होती. खिशात होती, जिन्यात होती, त्याने ती सांभाळली होती. आता ती आईच्या अंगाला लागली. जिने काही केलं नव्हतं, तिनेच ती आपली म्हणून घेतली.

"आई, तुझं मन कच्चं नाही," तो म्हणाला. "मी तुला कॅल्शियम देत होतो. तुझ्या गोळ्या मी खातो."

बाई स्टुलावर बसल्या.

"बरं वाटतं खाऊन?"

"आता तेही नाही वाटत. नसली की मरण येतं फक्त."

"मेंदूचं तसंच असतं. बाहेरून आराम मिळतोय म्हटल्यावर तो स्वतःचा आराम तयार करायचं कमी करतो. मग तहान लागल्यासारखी गोळी मागतो. त्या तहानेत समोर आई आहे, हेसुद्धा मागे पडतं."

"म्हणजे माझा दोष नाही?" त्याने घाईने विचारलं, आणि त्या घाईचीच त्याला शरम वाटली.

"असं नाही म्हटलं मी. हा आजार आहे, उपचार आहेत. मनाने एकदम बंद करू नका, संध्याकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला. पण यांनी जे सोसलं, त्यावर माझ्याकडे औषध नाही."

बाईंनी गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं, एक गोळी आईला दिली, बाकीच्या शेजारच्या काकूंकडे ठेवायला नेल्या. आईने गोळी आधी उजेडाकडे धरून नीट पाहिली. मग गिळली.

"मी रात्री कण्हायचे, तेव्हा तू झोपलेला असायचास ना?"

त्याला हो म्हणता आलं असतं.

"जागा असायचो."

आई म्हणाली, "बाथरूमला जायचंय."

घरात दुसरं कुणी नव्हतं. तो वाकला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकला, तोंड भिंतीकडे वळवून.

"दुखलं तर सांग," तो म्हणाला.

"सांगत होतेच की," आई म्हणाली.