भुजंग सरांच्या दाढेतले सतरा किडे

चाकूर तालुक्यातल्या हाळदवाडीला शनिवारी बाजार भरतो. पण त्या शनिवारी भाजीवाल्यांपुढे चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव मारुतीच्या पारावर लोटलं होतं. म्हातारे होते, पोरंसोरं होती, डोईवरची पाटी न उतरवताच उभ्या राहिलेल्या बाया होत्या. पारावर चटई टाकून कीडमोड महाराज बसले होते. कुठून आले हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

महाराजांपुढे पाण्यानं भरलेली परात होती. परातीत वीट आणि विटेवर लालबुंद तापलेला लोखंडाचा तुकडा. महाराज बटव्यातून तेलात कालवलेली चिमूटभर औषधी काढत, तापल्या लोखंडावर टाकत आणि वरून पत्र्याचं मोठं नरसाळं पालथं घालत. नरसाळ्याच्या नळीतून धूर निघे. दुखऱ्या माणसानं ती नळी तोंडात धरायची, डोळे मिटायचे आणि कुलदैवत आठवायचं.

"डाक्टर दात काढतो, आम्ही दोष काढतो," महाराज ओरडत. "दात ऱ्हायला पायजे अन् किडा ग्येला पायजे. किड्याच्या बुडी करणी, करणीच्या बुडी भावकी. धुनी घ्या, तीन शनवार घ्या. मधी डाक्टरची गोळी घेतली तर किडा उलटा मेंदूत चढतो, मग माझ्याकडं येऊ नका."

मग नरसाळं उचललं जाई आणि गर्दीतून 'आगं माय' असा एकच सूर निघे. परातीतल्या पाण्यावर बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत असत. सोबत काळा कचराही असे. ती करणीची राख, असं महाराज सांगत.

गर्दीच्या कडेला एक गृहस्थ डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड उपरण्यात गुंडाळून उभे होते. आपल्याला कुणी ओळखलेलं नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

"सर, पुढं या की," शेजारचा मलप्पा म्हणाला. "तुमाला नंबर लावायची काय गरज."

हे भुजंग सर. गावच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत आलेले. लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, हे दर गणेशोत्सवात स्टेजवर करून दाखवणारे आणि वर गावाला अडाणी म्हणणारे. आठवीचा सूक्ष्मजीवांचा धडा त्यांना तोंडपाठ होता. त्याच तोंडात डावीकडची खालची दाढ पंधरा दिवसांपासून ठणकून राहिली होती आणि विज्ञान काही कामाला येत नव्हतं.

तसं कामाला आलं असतं. लातूरला दातांचा दवाखाना होता, तिथं जायचं तेवढं बाकी होतं. पण दवाखान्यात सुई असते. भुजंग सर सुईला भीत. लसीकरणाच्या दिवशी पोरांना ओळीत उभं करून 'मुंगी चावल्यासारखं होतं बाळांनो' असं सांगायचे आणि स्वतः शाळेच्या मागं जाऊन थांबायचे. कोरोनाच्या लशीला चक्कर येऊन पडले, तेव्हा उपवास होता म्हणून सांगितलं. कसला उपवास न् कसलं काय, सकाळीच चार पुऱ्या हाणल्या होत्या.

तर सर पुढे झाले. नळी तोंडात धरली. निरीक्षण करायला काय हरकत आहे, असं त्यांनी मनाला समजावलं. महाराजांनी आधी दाढेला लवंगेच्या तेलाचा बोळा लावला, मग धुरी दिली. नरसाळं उचललं तेव्हा सरांचे सतरा किडे निघाले. महाराजांनी ते मोठ्यानं मोजले.

"मास्तर लोकायला जास्त निघतात," महाराज म्हणाले. "डोकं लई चालवतात न्हाई का."

ठणका थांबला होता. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा सरांना वाऱ्याची झुळूक गोड लागली. त्यांनी सतराच्या सतरा किडे मागून घेतले आणि चष्म्याच्या डबीत ठेवले.

त्यांच्या मागं कावेरीबाई उभ्या होत्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कावेरीबाईंना शुगर होती आणि उजवा जबडा सुजला होता. त्यांच्या लेकीनं, गीतांजलीनं, सोमवारचा लातूरच्या दवाखान्याचा नंबर लावून ठेवला होता.

"सर, खरंच निघाले का हो?"

"डोळ्यानं बघितलं की बाई," सर म्हणाले. आता हे चार शब्द गिळले असते तर काय बिघडलं असतं? पण आराम पडलेला माणूस गप्प बसत नाही.

कावेरीबाईंनी नळी तोंडात धरली आणि सोमवारचा नंबर रद्द केला. सरच गेले म्हटल्यावर गावातले आणखी तीसजण गेले. सव्वीस वर्षं सर जे सांगत होते ते गावानं कधी ऐकलं नव्हतं. पण सरांनी केलेलं मात्र सगळ्यांनी लगेच केलं.

पुढचे तीन दिवस सर हवेत होते. वर्तमानपत्राला एक लेख पाठवायचा, 'दंतकीटक, एक दुर्लक्षित जीव', असंही त्यांच्या मनात आलं. वर्णन बिनचूक हवं म्हणून बुधवारी दुपारच्या सुट्टीत त्यांनी शाळेचा सूक्ष्मदर्शक कपाटातून काढला, वरची धूळ पुसली आणि एक किडा काचेवर ठेवला.

किड्याला तोंड नव्हतं. पाय नव्हते, अंगावर वळ्या नव्हत्या, डोळेही नव्हते. एका टोकाला निमुळता कोंब होता आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांना चिकटलेली दोन चिमुकली पानं. सरांनी डोळा बाजूला केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. हे चित्र त्यांच्या ओळखीचं होतं. दरवर्षी खडूनं ते फळ्यावर काढत आणि खाली लिहीत: बीजांकुर, दोन बीजपत्रे.

तो बियातला गर्भ होता. बी तापलं की फुटतं, आतला वळून बसलेला पांढरा अंकुर उडून पाण्यात पडतो. करणीची राख म्हणजे बियांची टरफलं. बांधाबांधाला पिवळी फळं धरून पसरलेली काटेरी रिंगणी, तिचं बी. दातदुखीला त्याची धुरी देतात, हे सरांनी लहानपणीच ऐकलं होतं. सर ज्या रस्त्यानं रोज शाळेत येत, त्याच्या दोन्ही बाजूंना ती होती.

"वा रे भुजंग," सर स्वतःलाच म्हणाले. बोलताना त्यांना कळलं की डावा गाल वर आलाय आणि तोंड नीट उघडत नाही.

गुरुवारी ते लातूरला गेले. डॉक्टर निघाली राजकन्या, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं फोटो काढला, दाढ बघितली आणि सरांनी खाली मान घालून सांगितलेली सगळी हकिगत ऐकली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"सर, दातात किडा नसतो. जंतू असतात. तुम्हीच शिकवलं होतं."

"मग दुखायचं थांबलं कसं गं?"

"दोन दिवस लवंगेच्या तेलानं. नंतर दाढेतली नस मेली म्हणून. चोरानं कुत्र्याला मारलं की भुंकणं थांबतं, चोरी थांबत नाही. आत जंतूंचं काम चालूच होतं, बघा किती पू झालाय ते."

मग तिनं, हात चालू ठेवून, सरांचाच धडा सरांना म्हणून दाखवला. आपल्या तोंडात, कातडीवर, आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. बहुतेक बिचारे गुमान राहतात. आतड्यातले काही आपल्यासाठी जीवनसत्त्वं बनवतात, काही जागा अडवून बसतात म्हणून बाहेरच्या वाईट जंतूंना शिरकाव मिळत नाही. दातावरचे जंतू आपण खाल्लेल्या साखरेचं आम्ल करतात. त्या आम्लानं दाताचं कवच विरघळतं, भोक पडतं. तिथून आत घुसले की मग ते आवरत नाहीत.

"दिवसाला किती चहा, सर?"

"सहा," सर म्हणाले. साखर किती ते त्यांनी सांगितलं नाही.

"बरं, आता सुई. मुंगी चावल्यासारखं होईल."

मुंगी चावल्यासारखं अजिबात झालं नाही. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण पू निघाला आणि डोकं हलकं झालं. तेव्हा त्यांना कावेरीबाई आठवल्या. त्यांनी बाईंची सूज सांगितली, शुगर सांगितली. राजकन्याचे हात थांबले.

"सर, त्यांना ताबडतोब आणा. शुगर असली की जंतू आवरत नाहीत. सूज जबड्याखाली उतरली तर गळा दाबला जातो. श्वास अडकून माणूस जातो, सर. दातापायी जातो."

शुक्रवारी सर कावेरीबाईंच्या दारात गेले. बाईंना घोटही नीट गिळता येत नव्हता. जबड्याखाली टणक गाठ आली होती, अंगात ताप होता. गीतांजली सांगून सांगून बेजार झाली होती.

"उद्या दुसरा शनवार हाय," कावेरीबाई दातावर दात धरून बोलल्या. "तुमाला गुण आला की, सर. मधीच दवाखान्यात गेलं तर किडा मेंदूत जातो म्हणून राहिलेत महाराज. न्हाई जायची मी."

"बाई, तो किडा नव्हता. ते बी होतं. मी फसलो."

"तुमी त्या दिशी डोळ्यानं बघितलं म्हणलात." बाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. साक्ष सरांनीच दिली होती.

घरी येऊन ते आईपुढं बसले. तुळजाबाईंचं वय ऐंशीच्या घरात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगून कोण ऐकणार हाय तुझं," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्सं तेच करून राहिलास. उद्या मला ने पारावर. माझी बी दाढ दुखती."

"आई, तुला दाढ कुठं आहे?"

"तेच म्हणून राहिले मी," तुळजाबाई म्हणाल्या.

शनिवारी पारावर मागल्यापेक्षा दुप्पट गर्दी होती. कावेरीबाई लेकीच्या खांद्याला धरून सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. सर आईला घेऊन आले, तसं महाराजांचं तोंड फुललं. "या माय. कोणती दाढ?"

"उजवीकडली. राती डोळ्याला डोळा न्हाई."

महाराजांनी तोंडात डोकावलं नाही. औषधी टाकली, नरसाळं पालथं घातलं, नळी तुळजाबाईंच्या तोंडात दिली. नरसाळं उचललं तर चोवीस निघाले.

"चोवीस," महाराज गरजले. "बघा मायबाप. सगळ्या दाढा पोखरल्या होत्या म्हातारीच्या."

तुळजाबाईंनी शांतपणे तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही परातीत ठेवल्या. पाण्यात कवळ्या, भोवती चोवीस किडे.

"लातूरहून करून आनल्यात," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. प्लास्टिक खानारा किडा म्हंजे नवलच."

पार गदगदून हसला. पण महाराज पक्के होते. "हिरडीतले निघाले, हिरडीतले," ते म्हणाले आणि गर्दीतली काही डोकी हलली. कावेरीबाईंचंही हललं.

सरांनी ते पाहिलं. त्यांनी परातीतलं पाणी ओतून दिलं, नवं भरलं. खिशातून रिंगणीची पिवळी फळं काढली, कावेरीबाईंच्या हातात दिली. "बाई, तुम्हीच फोडा. बी काढा. तेलात तुम्हीच कालवा."

बाईंच्या लेकीनं सगळं केलं. लोखंड पुन्हा तापवलं. सरांनी बी टाकून नरसाळं पालथं घातलं आणि हात वर केले. "आता कुणीच नळीला तोंड लावू नका."

धूर नुसताच आभाळात गेला. सगळे बघत राहिले. सरांनी नरसाळं उचललं आणि परात कावेरीबाईंपुढं सरकवली. पाण्यावर पांढरे, वाकडे, तसलेच तरंगत होते.

कावेरीबाईंनी एक बोटावर घेतला, डोळ्याजवळ नेला. "माझ्या तोंडातले बी हेच व्हते?"

"हेच. आणि माझ्या तोंडातले बी." सर पारावर चढले. "मी तुम्हाला अडाणी म्हणत होतो. आणि सुईच्या भीतीनं नळी तोंडात मीच धरली. माझ्याकडं बघून तुम्ही आलात. चूक माझी आहे. तो किडा दिसतो म्हणून खरा वाटला. दात खाणारा जंतू दिसत नाही, पण बाईंचा गळा बघा, तो काय करतो ते दिसतंय. महाराजाचं ऐकू नका. माझंही नुसतं ऐकू नका. बी फोडा, परात ठेवा, घरी करून बघा. पण बाईंना आत्ता जाऊ द्या."

महाराज बटवा आवरत होते. मलप्पानं आपली रिक्षा पाराला लावली. कावेरीबाई उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"सर, खरं सांगा. सुई लई दुखती का?"

सव्वीस वर्षांची सवय सरांच्या जिभेवर आली होती. त्यांनी ती गिळली.

"हाव बाई, लई दुखती. मी रडलो. पण मी येतो संगं."

कावेरीबाई सात दिवस दवाखान्यात होत्या. आणखी एक दिवस गेला असता तर आपण काही करू शकलो नसतो, असं राजकन्यानं सरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या रात्री सर जेवले नाहीत, आणि यावेळी उपवासाचं कारण सांगितलं नाही.

आता आठवीचा सूक्ष्मजीवांचा धडा सर एका काचेच्या बाटलीपासून सुरू करतात. बाटलीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी आहे: 'रिंगणीचे बी. यास दाढेतले किडे समजून फसलेला इसम: भुजंग, विज्ञान शिक्षक.' पोरं खो खो हसतात, सर हसू देतात. मग सांगतात, "मी म्हणतो म्हणून मानू नका. एकेकानं या, सूक्ष्मदर्शकात बघा."

पलीकडच्या खोलीत खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता कावेरीबाई ऐकत असतात. "अन् सर," त्या तिथूनच म्हणतात, "सुई दुखती, पर मानूस वाचतो, हे बी सांगा पोरायला."