केप कोणी शिवली?

"रोज दुपारी तो तिच्यासमोर बसून चहा पितो, आणि हिला कळत नाही तो कोण ते? डोळ्यांवर एवढीशी पट्टी बांधली की माणूस बदलतो का? अरे, तू पाठमोरा असलास तरी नुसत्या चालीवरून ओळखते मी तुला."

"मग लिही ना, ओळखलं म्हणून. गुपित गेलं की गोष्टच गेली. बसू दोघं माशा मारत," असं म्हणून त्याने हातातला रबर आपटला.

आपटला तो माझ्यावर. भांडण त्यांचं, मार मला. हे नेहमीचंच, मित्रांनो.

मी एक जुना ट्रेसिंगचा डबा आहे. खाली लाकडी खोका, आत ट्यूब, वर दुधी काच. माझ्यावर एक चित्र ठेवायचं, त्यावर कोरा कागद, आणि बटण दाबायचं. खालच्या रेघा वर उमटतात, त्या गिरवायच्या. माझं लाकूड एका मोडक्या कपाटाचं आणि काच न्हाणीघराच्या खिडकीची. म्हणजे तिचा सगळा जन्म झाकण्यात गेला आणि माझ्याकडे येऊन तिला उघडं करायचं काम लागलं. नशीब बघा. डोकं माझं लवकर तापतं, पण आत दिवा जळत असताना तुम्ही थंड राहून दाखवा.

तो चित्रकार, ती लेखिका. नवरा-बायको. दोघांची चित्रकथा दर आठवड्याला एका साप्ताहिकात यायची. नायकाचं नाव झंझावात. केप फडफडवत उडायचा, पडणारी माणसं झेलायचा. दिवसा मात्र हाच गडी बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच इमारतीत तळमजल्यावर एका मुलीचं शिवणाचं दुकान होतं. दुपारी तो तिच्याकडे चहाला जायचा. तिला झंझावात आवडायचा, आणि याला ती. बोलायची मात्र बोंब.

चित्रकार आधी त्याचा उघडा चेहरा काढायचा, मग माझ्यावर ठेवून गिरवायचा आणि वर पट्टी चढवायचा. म्हणून दोन्ही चेहरे मी एकावर एक पाहिलेत. मला ते कधी वेगळे वाटलेच नाहीत.

पण त्या आठवड्यात संपादकांनी निरोप धाडला होता. वाचक कंटाळलेत, म्हणतात ही शिवणवाली आंधळी आहे का. या भागात तिला कळू द्या, नाहीतर गोष्ट गुंडाळा. आणि कळल्यावर पुढे मजा राहिली पाहिजे, हेही वर. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सकाळपासून दोघांची त्यावरच जुंपली होती.

शेवटी तो बोलून गेला, "तुला प्रेम लिहायला जमत नसेल तर तसं सांग. ते दुसरं कुणी बघेल."

माझी ट्यूब तेवढी गुणगुणत होती. मला वाटलं, हिने आता दौत उचलून त्याच्या डोक्यात घालावी. मी असतो तर घातली असती. पण तिने कपाटातून जुन्या भागांची मूळ चित्रं काढली आणि एकेक माझ्यावर टाकून बघायला लागली. कुठेतरी त्या मुलीने काहीतरी पाहिलं असेल, अशी जागा शोधत होती.

रागात हात नीट चालत नाहीत. तिच्याकडून दोन पानं एकावर एक पडली. मी पेटलेला होतोच. खालच्या पानात झंझावाताची केप खांद्यापासून टर्रकन फाटलेली. वरच्या पानात, पुढच्याच भागात, अगदी धडधाकट. दोन्ही रेघा एकाच जागी दिसत होत्या.

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"ही केप कोणी शिवली?" तिने विचारलं.

तो आला, त्याने पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "विसरलो गं. फाटलेली काढायची राहिली. कुणाच्या लक्षात नाही आलं."

"तू विसरलास," ती म्हणाली. "ती नाही विसरली."

त्याला कळायला वेळ लागला. माझ्यासारखंच आहे ते, आधी दोनदा लुकलुकतो आणि मग पेटतो. पण पेटला तेव्हा खोली उजळली. त्याने सगळा खण माझ्यावर उपडा केला. इथे बुटाचा पट्टा तुटलेला, पुढच्या भागात जागेवर. इथे हातमोजा उसवलेला, पुढे नीट. याच्या इतक्या वर्षांच्या वेंधळेपणातून एक बाई गुपचूप उभी राहत होती. म्हणजे लिफ्टवाला झंझावाताच्या कपड्यांची पिशवी तिच्या दुकानात विसरायचा, ती उसवलेलं शिवून ठेवायची आणि अवाक्षर काढायची नाही.

पट्टी काढायची गरजच पडली नाही. त्या भागाच्या शेवटच्या चित्रात ती चहा पुढे करते आणि म्हणते, "खांद्याला दुहेरी टाका घातलाय. उडताना तिथेच ओढ बसते ना?" त्याच्या हातून कप सुटतो. बस्स.

संपादकांनी पान वाचलं आणि एवढंच विचारलं, पुढे काय. गोष्ट चालू राहिली. आता गुपित दोघांनी मिळून सांभाळायचं होतं, त्यात दुप्पट मजा. त्या दिवसांत कोणी आलं की चित्रकार माझ्यावर थाप मारून म्हणायचा, याने दाखवलं. मी काही दाखवलं नाही हो. नुसता पेटलेला होतो.

मग पडद्यावर चित्रं काढायचं यंत्र आलं आणि मी कपाटावर गेलो, सुटकेसखाली. धूळ, पाली, अंधार. कौतुकाचं आयुष्य किती असतं, ते तिथे कळलं.

आज त्याने मला खाली उतरवलं. त्यांच्या मुलीला परगावी चित्रांचं काम मिळालंय आणि तिला ते यंत्र नको, डबाच हवा. काच पुसताना त्याचा अंगठा कोपऱ्यावर थांबला. तिथे जुना तडा आहे. कधीकाळी यानेच गरम किटली ठेवली होती. तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी आहे, इतकी सफाईने लावलेली की नखाला लागत नाही.

"ही तू लावलीस?" त्याने बायकोला विचारलं.

"आत्ता विचारतोस?" ती म्हणाली. आणि हसली.

तर मित्रांनो, तुमची पुन्हा लागलेली बटणं, चार्ज झालेला फोन, भरलेली बाटली, हे आपोआप होत नसतं. एकदा वळून बघा कोण करतंय ते. वस्तूंनाही तसंच जपा, आम्ही पुष्कळ... थांबा, उचललं मला. खाली गाडी उभी आहे, मुलगी जिन्यातून ओरडतेय आणि बाप म्हणतोय काचेला धक्का लावू नको. मला आता निघायला हवं.